तिसरी घंटा सगळ्यांसाठी

नाटकात पुष्कळदा सर्वांत मोठी गोष्ट घडते ती कुणीच बोलत नसताना.

समजा, रंगमंचावर एका घराचं माजघर आहे. संध्याकाळची वेळ. आई पानं घ्यायच्या तयारीत आहे. ती चार पाट मांडते, मध्येच थांबते, चौथा पाट उचलते आणि भिंतीला टेकवून ठेवते. एक शब्दही उच्चारला जात नाही, पण या घरातलं कुणीतरी आता नाही, हे डोळस प्रेक्षकांना कळून चुकतं. त्याच रांगेत बसलेल्या दृष्टिहीन प्रेक्षकाला काय मिळतं? पाट भिंतीला लागल्याचा एक आवाज, आणि अलीकडे-पलीकडे चार सेकंदांची शांतता. शेजारच्या बाईंना हुंदका का आला, ते त्याला समजत नाही.

त्या चार सेकंदांत ते दृश्य त्याच्यापर्यंत पोचवता येतं. जगातल्या कितीतरी नाट्यगृहांत आणि कलामहोत्सवांत ते पोचवलंही जातं. ही गोष्ट मला पहिल्यांदा नीट समजली तेव्हापासून मी नाटकातल्या शांततेकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. या शांततेत एका माणसाचं काम चालू असू शकतं. मागच्या बाजूला काचेच्या छोट्या खोलीत, तोंडासमोर माइक धरून तो बसलेला असतो. ज्यांना हवं त्यांच्या कानाला इअरफोन असतो. संवाद संपला की पुढचा सुरू होईपर्यंतच्या फटीत तो बोलतो. ‘आई चार पाट मांडते. थांबते. चौथा उचलून भिंतीला टेकवते.’ शब्द फक्त नऊ.

याला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. रंगभूमीवर त्याची रीतसर सुरुवात १९८१ साली वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यसंस्थेत झाली. मार्गारेट रॉकवेल या स्वतः दृष्टिहीन असलेल्या बाईंनी त्याच शहरात १९७४ पासून दृष्टिहीनांसाठी वर्तमानपत्रं आणि मासिकं वाचून दाखवणारी रेडिओ सेवा चालवली होती. नाट्यगृहानं त्यांच्याकडे सल्ला मागितला, तेव्हा त्या आणि कोडी फॅनस्टील यांनी मिळून ही पद्धत बसवली. पुढे दोघांचं लग्नही झालं. पहिलं नाटक होतं बर्नार्ड शॉचं ‘मेजर बार्बरा’. रंगसूचना पानंच्या पानं लिहिणारा हा नाटककार. त्याच्या नाटकापासून ही सुरुवात व्हावी, हे मला फार शोभून दिसतं.

ते नऊ शब्द निवडणं वाटतं तेवढं सोपं नाही. ‘दिवंगत पतीच्या आठवणीनं व्याकूळ झालेली आई’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मग प्रेक्षकाच्या वाट्याचं काम निवेदकानंच करून टाकलं. पाट कुणाचा होता, हे डोळस प्रेक्षकाला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यानं स्वतः ओळखलं, म्हणून त्याच्या घशात आवंढा आला. तोच हक्क दृष्टिहीन प्रेक्षकालाही आहे. म्हणून या कलेचा पहिला नियम असा, की दिसतं ते सांगायचं, अर्थ सांगायचा नाही. ‘ती रागावली’ म्हणायचं नाही. ‘ती ओठ घट्ट मिटते’ म्हणायचं. दुसरा नियम, संवादावर बोलायचं नाही. तिसरा नियम मला सर्वांत सुंदर वाटतो. आधी फोडायचं नाही. रंगमंचावर पाय घसरून कुणी पडणार असेल, तर त्याचा शब्द पडण्याच्या क्षणीच यायला हवा, म्हणजे हशा सगळ्या प्रेक्षागृहात एकदम उठेल. अर्धा सेकंद आधी बोललं, तर दृष्टिहीन प्रेक्षक एकटा हसतो. उशीर झाला, तर सगळे हसून झाल्यावर हसतो. दोन्ही वेळी तो एकटाच पडतो.

आणि पाट भिंतीला लागल्याचा तो आवाज? त्या क्षणी निवेदकानं गप्प बसायचं असतं. कारण तो आवाज नाटकाचाच आहे आणि तो सगळ्यांना सारखाच ऐकू येतो. म्हणून निवेदक तेच नाटक पुन्हा पुन्हा पाहतो, संहिता लिहितो, शब्द कापत जातो. आणि तरीही प्रयोगाच्या वेळी समोर बघूनच बोलतो. नट रोज सारखा थांबत नाही. आज चार सेकंद असतील, उद्या अडीच.

पडदा उघडायच्या आधी आणखी एक गोष्ट होते. दृष्टिहीन प्रेक्षकांना रंगमंचावर नेतात. ते नेपथ्याला हात लावून पाहतात, दरवाजापासून झोपाळा किती पावलांवर आहे ते चालून बघतात, शालूचा काठ बोटांनी चाचपतात, तलवार उचलून तिचं वजन घेतात. नट येऊन आपापल्या भूमिकेच्या आवाजात एकेक वाक्य बोलतात, म्हणजे नंतर कोण बोलतंय ते चटकन ओळखू येतं. इतक्या जवळून नाटक तर डोळस प्रेक्षकालाही बघायला मिळत नाही.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. रेडिओवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं धावतं समालोचन ज्यांनी ऐकलं, त्यांना चेंडू सीमापार जाताना कानांनी दिसलेला आहे. आकाशवाणीच्या श्रुतिकांनी घराघरांत रंगमंच उभा केला. कीर्तनकार, शाहीर, सूत्रधार हे सगळे दृश्य शब्दांत उभं करणारेच लोक. लंडनमध्ये १९८० पासून काम करणारी ग्रेआय ही अपंग आणि कर्णबधिर कलावंतांची नाटक कंपनी हे वर्णन इअरफोनमध्ये न ठेवता नाटकातच गुंफते. पात्रंच एकमेकांच्या हालचाली सांगतात आणि संहिता लिहितानाच त्याचा विचार झालेला असतो. सूत्रधाराची परंपरा असलेल्या रंगभूमीला हे त्यांच्याहून सोपं जायला हवं. आपल्याकडे अजून कुणी मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेलं नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

रंगमंचाच्या पलीकडच्या बाजूचं काम मात्र आपल्याकडे झालं आहे. स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलाकारांना घेऊन नाटकं बसवली. त्यातलं ‘अपूर्व मेघदूत’ पुष्कळांना आठवत असेल. ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिकही त्यांनीच १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू केलं. दिसत नसताना रंगमंचावर वावरायचं म्हणजे पावलांचा हिशेब, सहकलाकाराच्या आवाजाची दिशा आणि पायाखालच्या जमिनीचा पोत यांवर भिस्त ठेवायची. जो कलावंत हे करू शकतो, तो प्रेक्षागृहात बसल्यावर नाटकातलं अर्धं गमावतो, ही विसंगती दूर करण्यासारखी नक्कीच आहे.

आता कानांकडे वळू. इथे थोडं पदार्थविज्ञान लागतं, आणि ते अतिशय देखणं आहे.

श्रवणयंत्र लावलेल्या आजोबांना मैफलीत नीट ऐकू का येत नाही? यंत्र चांगलं असतं, घरी टीव्ही व्यवस्थित ऐकू येतो, मग मांडवातच काय होतं? होतं असं, की यंत्राचा माइक आजोबांच्या कानाशी असतो आणि गायक ३० मीटर लांब. मधल्या अंतरात आवाज क्षीण होतो आणि भिंतींवर, पत्र्यांवर आपटून दहा वाटांनी परत येतो. त्यात पंखे, खोकला, वेफर्सच्या पाकिटाची चुरचुर. यंत्र हे सगळंच मोठं करतं. आवाज वाढतो आणि शब्द हरवतो.

यावरचा उपाय म्हणजे जमिनीवरून, प्रेक्षकांच्या भोवतीनं फिरवलेली एक तार, म्हणजेच लूप. १८२० साली कोपनहेगनमध्ये ऑर्स्टेडला दिसलं, की वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. वीज आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार करते. ११ वर्षांनी फॅरडेनं उलट बाजू दाखवली. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचं वेटोळं धरलं, की त्यात वीज उपजते. या दोन शोधांच्या मधोमध आता आजोबांना बसवा. गायकाच्या माइकमधला आवाज विजेच्या रूपानं प्रेक्षकांभोवतीच्या तारेत सोडला जातो. त्या आवाजाच्या बरहुकूम मांडवभर एक अदृश्य चुंबकीय क्षेत्र थरथरू लागतं. अनेक श्रवणयंत्रांत तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठं नसलेलं एक वेटोळं असतं, टेलिकॉइल. यंत्राचं ‘टी’ बटण दाबलं, की माइक बंद होतो आणि वेटोळं जागं होतं. मधली हवा, पत्रे, पंखे, पाकिटं सगळं गळून पडतं. गायकाच्या ओठांपासून वीतभर अंतरावरचा आवाज थेट कानात येतो, तोही आजोबांच्या कानाला जुळेल असा दुरुस्त होऊन. लंडनमध्ये जोसेफ पोलियाकॉफ यांनी १९३७ साली याचं पेटंट घेतलं. म्हणजे ही युक्ती सवाई गंधर्व महोत्सवापेक्षा १६ वर्षांनी जुनी आहे.

तार स्वस्त असते. अक्कल ती टाकण्यात लागते. नेहमीचा स्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडून चालत नाही, त्यासाठी वेगळा लूप ड्रायव्हर लागतो. प्रकाशयोजनेच्या डिमरच्या केबल आणि जनरेटर जवळ असले, तर त्यांचंही चुंबकीय क्षेत्र वेटोळं पकडतं आणि कानात सतत घूं घूं चालू राहते. महोत्सवात दोन मांडव शेजारी असतील, तर एकाची तार दुसऱ्यात सांडते आणि मारव्यात शेजारची लावणी मिसळते. म्हणून तार टाकल्यावर स्वतः श्रवणयंत्र वापरणाऱ्या माणसाला मांडवभर फिरवून ऐकवून घ्यायचं असतं. ही एक पायरी गाळली, की सोयीची पाटी लागलेली असते आणि सोय नसते.

शास्त्रीय संगीताच्या रसिकांसाठी इथेच एक उपयोगाची गोष्ट सांगतो. डिजिटल श्रवणयंत्रं मुख्यतः बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली असतात. सतत एकसारखा चालू असलेला आवाज म्हणजे गोंगाट, असं त्यांचं गणित असतं. एकच सूर लांबला, तर यंत्र स्वतःच शिट्टी मारतंय असं समजून ते तो सूर दाबू पाहतात. आता विचार करा, तानपुऱ्याचं काय होत असेल! ज्या अखंड षड्जावर सगळं गाणं उभं असतं, त्यालाच यंत्र कचरा समजून झाडू शकतं, आणि बासरीचा लांबवलेला स्वर डळमळू लागतो. बऱ्याच यंत्रांत संगीतासाठी वेगळा प्रोग्राम ठेवता येतो, ज्यात ही झाडलोट बंद असते. ऑडिओलॉजिस्टला सांगून तो लावून घ्यावा लागतो. आपल्याकडे मैफलींना येणाऱ्या रसिकांत साठी-सत्तरी ओलांडलेले पुष्कळ असतात. त्यांच्यातले कितीतरी जण ‘हल्ली गाण्यात पूर्वीसारखी मजा राहिली नाही’ म्हणत घरी बसतात. मजा तशीच आहे, तानपुरा तेवढा त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

आणि ज्यांना यंत्रानंही ऐकू येत नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी संगीत नाहीच, असं आपण किती सहज धरून चालतो!

स्कॉटलंडची इव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळपास पूर्ण बहिरी झाली होती. तिला तालवाद्यं शिकायची होती. तिचे शिक्षक रॉन फोर्ब्स यांनी तिला वर्गाच्या भिंतीवर हात टेकवायला लावले आणि ते टिंपनी या मोठ्या नगाऱ्यावर सूर वाजवू लागले. हळूहळू तिला कळू लागलं, की खर्जातले सूर पायांत आणि पोटऱ्यांत उमटतात, वरचे सूर चेहऱ्यावर, मानेवर, छातीत. ती अनवाणी वाजवते, म्हणजे रंगमंचाच्या फळ्यांतून येणारा सूर पायांना लागतो. तालवाद्यांच्या एकल वादनाची जगातली ती एक मोठी कलावंत झाली. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनात हजार वादकांचं नेतृत्व तिनं केलं.

यात तिची एकटीची काही जादू होती असंही नाही. २००१ साली डीन शिबाता या डॉक्टरांनी जन्मापासून किंवा लहानपणापासून ऐकू न येणाऱ्या तरुणांच्या हाताला कंपनं दिली आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. एरवी आवाज ऐकण्याच्या कामी येणारा मेंदूचा भाग या तरुणांमध्ये कंपनांनी जागा झालेला दिसला. ऐकणाऱ्या माणसांत तसं झालं नाही. कानांकडून काही येत नाही म्हणून मेंदूनं ती जागा रिकामी ठेवली नव्हती, ती हातांना देऊन टाकली होती. हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसता बसून राहिलो.

त्यामुळे महोत्सवात कर्णबधिर रसिकांसाठी लाकडी फळ्यांचं जोतं घालणं आणि खर्जाचे स्पीकर त्यावर ठेवणं, ही खरोखर संगीताची सोय आहे. काँक्रीटपेक्षा लाकूड कंपनं फार चांगली वाहून नेतं. जर्मनीतल्या एका तरुण वाद्यवृंदासाठी असा शर्ट बनवला गेला, की ज्यात खर्जाची वाद्यं पोटाशी आणि व्हायोलिनं दंडांवर थरथरतात. तो महाग. पण हातात धरलेला साधा फुगाही चालतो. त्याचा ताणलेला पापुद्रा हवेतली कंपनं तळहातांपर्यंत आणून देतो, आणि कर्णबधिर श्रोते मैफलीत फुगे घेऊन बसतात, ही जगात रुळलेली गोष्ट आहे. फुगा दोन रुपयांचा. जवळच्या मांडवात पखवाजाची जुगलबंदी असेल, तर एक फुगा दोन्ही तळव्यांत धरून तुम्हीही बघा. ‘धा’ आणि ‘ती’ वेगवेगळे लागतात.

शब्दांचं मात्र शब्दांनीच भागवावं लागतं. १९८३ साली टोरोंटोत कॅनेडियन ऑपेरा कंपनीनं ‘इलेक्ट्रा’ या ऑपेराच्या प्रयोगात रंगमंचाच्या वर अनुवादित ओळी झळकवल्या, तेव्हा जाणकारांनी नाकं मुरडली. आज अशा ओळींशिवाय ऑपेरा बघायला फार थोडे लोक तयार होतील. कर्णबधिरांसाठी नाटकात चालणारी ओळींची पाटी याच जातीची. तिच्यात संवाद तर येतातच, शिवाय ‘दूरवर रेल्वेची शिट्टी’ किंवा ‘आत भांडं पडतं’ हेही येतं. ब्रिटनमध्ये स्टेजटेक्स्ट ही संस्था २००० सालापासून हे काम करते. एक माणूस प्रयोग चालू असताना एकेक ओळ बटणानं पुढे सरकवतो. विनोदाची शेवटची ओळ नटाच्या तोंडून यायच्या आधी दिसता कामा नये, हा नियम इथेही तोच. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांना ऐकू उत्तम येतं, पण वऱ्हाडी किंवा मालवणी संवाद निसटतात. तिथे दौऱ्यावर जाणाऱ्या नाटकांनी अशी पाटी लावली, तर आजीबरोबर नातही शेवटपर्यंत बसेल.

पण पाटी लावली म्हणजे झालं, असं समजू नये. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी केलेलं मराठी किंवा हिंदी नाही. तिचं व्याकरण तिचं स्वतःचं आहे. चेहरा, भुवया, हात हवेत कुठे थांबला, या सगळ्यांना तिच्यात अर्थ असतो. जे मूल याच भाषेत वाढलं, त्याच्यासाठी पाटीवरचं मराठी ही दुसरी भाषा असते, आणि भरभर पळणारी. म्हणून काही प्रयोगांना दुभाषा लागतोच. तो कोपऱ्यात, काळोखात, नटांपासून २० फुटांवर उभा असेल, तर बघणाऱ्याची मान टेनिसच्या सामन्यासारखी इकडून तिकडे फिरत राहते आणि दोन्ही निसटतं. त्याला उजेड हवा, साधे एकरंगी कपडे हवेत, नटांच्या शक्य तितकी जवळची जागा हवी, आणि संहिता काही आठवडे आधी हातात हवी. शाहिराचा शेलका शब्द मंचावर पहिल्यांदा ऐकून कुणाला हातांत उतरवता येणार?

ऑटिझम असलेल्या मुलांची अडचण निराळी. आवाज अचानक फुटला, दिवे लखलखले, की त्यांना ते सोसत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली ‘लायन किंग’चा एक प्रयोग खास अशा कुटुंबांसाठी झाला. कर्कश आवाज खाली आणले, लखलखाट काढला, बाहेर एक शांत कोपरा ठेवला आणि मुलांनी उठावं, फिरावं, ओरडावं याला मुभा दिली. नाटक तेच राहिलं. मला यात आपल्या जत्रा आठवतात. सिंधुदुर्गात देवळासमोर रात्रभर रंगणाऱ्या दशावतारात मुलं झोपतात, उठतात, म्हातारी माणसं मध्येच पान लावतात. कुणी कुणाला ‘शू’ करत नाही. पुतळ्यासारखं बसायचा दंडक बंदिस्त नाट्यगृहांबरोबर आला. अर्थात जत्रेतही सगळ्यांना सारखी जागा कधीच नव्हती. कुणी पुढे बसायचं आणि कुणी लांब उभं राहायचं, हे जातीनं ठरत होतं, आणि बायांनी तमाशाच्या कनातीत पाऊल टाकायचं नाही, हेही. दार उघडं असणं आणि आत बोलावणं यातलं अंतर आपण चांगलं ओळखतो.

चाकाच्या खुर्चीबद्दल नव्यानं सांगण्यासारखं काही नाही, इतकं ते बोलून झालंय. तरी एक नवल सांगतोच. ग्रीसमध्ये एपिडॉरसला इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं जगप्रसिद्ध नाट्यगृह आहे. त्याला लागूनच अस्क्लीपियस या आरोग्यदेवतेचं क्षेत्र. डेबी स्नीड या अभ्यासिकेनं २०२० साली तिथल्या दगडी उतरणी मोजल्या. नऊ इमारतींना ११. दुखणेकरी, लंगडणारे, काठी टेकणारे यात्रेकरू जिथे येत, तिथे उतरणी जास्त दिसतात; इतर देवळांत त्या विरळ. काही पुरातत्त्वज्ञांना हे पटत नाही. सामान आणि जनावरं नेण्यासाठी उतरणी असतील, असं ते म्हणतात. मला स्नीड यांचं म्हणणं पटतं. आजचा दंडक असा, की एक फूट चढायला किमान १२ फुटांची उतरण हवी. आपल्या मंडपांत दोन फुटांच्या मंचाला चार फुटांची फळी टेकवून ‘रॅम्प’ म्हणतात. ती घसरगुंडी असते. त्यातून वर पोचलं, तरी पुढे लोक उभे राहिले की खुर्चीतल्या माणसाला फक्त पाठी दिसतात. म्हणून बसायचा चौथरा उंच हवा, आणि त्यावर बरोबरच्या माणसालाही जागा हवी. तरुण मुलगी चौथऱ्यावर आणि तिच्या मैत्रिणी १०० फूट लांब, याला महोत्सव म्हणता येत नाही.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार लोकांची अपंग म्हणून नोंद झाली. स्वतःला कधीच अपंग न म्हणणारे, पण जिने टाळणारे आणि मागच्या रांगेत काही न कळता बसणारे यात धरलेले नाहीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं २९वं कलम सांस्कृतिक जीवनाबद्दलच आहे. २०२३च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयानं ‘पठाण’ चित्रपट ओटीटीवर आणताना त्याला ऑडिओ डिस्क्रिप्शन आणि कॅप्शन द्यायला लावलं. १५ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारनं चित्रपटांसाठी नियमावली काढली. तिच्यानुसार १ जानेवारी २०२५ पासून गोव्याच्या ‘इफ्फी’ या चित्रपट महोत्सवासाठी पाठवायच्या चित्रपटांना या दोन्ही सोयी बंधनकारक झाल्या. त्याच गोव्यात २०२३च्या जानेवारीपासून पर्पल फेस्ट भरतो, अपंग व्यक्तींचा स्वतःचा महोत्सव. त्यात अंधारात, नुसत्या कानांनी पक्षी ओळखायचा कार्यक्रम होता. त्या काळोखात डोळसांनाच शिकावं लागलं. हा महोत्सव मला फार मोलाचा वाटतो. पण त्याची खरी परीक्षा पर्पल फेस्टमध्ये होणार नाही. ती होईल गल्लीतल्या व्याख्यानमालेत, तालुक्याच्या नाट्यस्पर्धेत, गणपतीच्या मांडवात.

तिथे पैशांआधी एक गोष्ट लागते. कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत पहिल्या बैठकीपासून एक दृष्टिहीन, एक कर्णबधिर आणि एक चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती असली पाहिजे. मांडव उभा राहिल्यावर मत विचारण्यात अर्थ नाही, तोवर खांब रोवलेले असतात. नंतरचं काम कागदाचं. निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांच्या नावांखाली चार ओळी मोकळ्या ठेवा आणि खरं ते छापा. पायऱ्या किती, उतरण आहे की नाही, लूप आहे का, दुभाषा कोणत्या प्रयोगाला, मदतीला येणाऱ्याचं तिकीट माफ आहे का, कुणाला फोन करायचा. ‘लूप नाही’ असं छापलेलंही चालेल. घरून दोन तासांचा प्रवास करून यायचं की नाही, हे त्यावरून ठरवता येतं.

तुम्ही आयोजक नसाल, तरी तिकीट काढताना एवढं विचारा, की इथे ऐकू न येणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या माणसासाठी काय व्यवस्था आहे? तुम्हाला स्वतःला गरज नसली तरी विचारा. दहा जणांनी विचारलं, तर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तारेचे पैसे धरले जातील.